आशा परत येते, पण...

परवा ‘पाठलाग’ पुन्हा पाहिला. पहिल्यांदा यवतमाळच्या टॉकीजमध्ये पाहिला तेव्हा मी शाळेत होतो. राजा परांजप्यांचा हा सिनेमा १९६४ चा. त्यात काशिनाथ घाणेकर आणि भावना. त्यावरूनच राज खोसलांनी १९६६ मध्ये हिंदीत ‘मेरा साया’ काढला. ज्यांनी दोन्ही पाहिले नाहीत त्यांनी इथेच थांबावे, कारण मी शेवट सांगणार आहे.

एका वकिलाची बायको मरते. पुढे पोलीस एका बाईला पकडतात. चेहरा हुबेहूब तोच, आणि ती म्हणते, मीच यांची बायको. नवराबायकोलाच ठाऊक असाव्यात अशा गोष्टी ती सांगते, तरी नवऱ्याला पटत नाही. शेवटी कळते की मेली ती जुळी बहीण. ही खरी बायको.

लहानपणी मला हा शेवट पळवाट वाटला होता. पण गंमत बघा, सिनेमा ज्या कादंबरीवरून निघाला तिचे नावच ‘आशा परत येते’. लेखक जयंत देवकुळे. म्हणजे शेवट मुखपृष्ठावरच! आता वाटते, ही बाई कोण, हे खरे कोडे नव्हेच. खऱ्या माणसाला आपण खरे आहोत हे सिद्ध का करावे लागते, हे आहे.

प्रत्यक्षात याच्या उलटही घडले आहे. बंगालमधल्या भावल जमीनदारीचा मधला कुमार १९०९ साली दार्जिलिंगला वारला असे सगळ्यांनी धरले होते. १९२१ मध्ये ढाक्याकडे आलेल्या एका संन्याशाला बहिणीने भाऊ म्हणून ओळखले. खटला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९४६ मध्ये संन्यासी जिंकला. पत्नीने मात्र त्याला नवरा म्हणून कधीच मानले नाही. निकाल कोर्ट देते, ओळख देत नाही.

हे लिहिताना एक विद्यार्थिनी आठवली. तिचा निबंध वाचून मी भर वर्गात म्हणालो होतो, “हा तुझा नाही.” ती म्हणाली, “माझाच आहे, सर.” मी तिला तिथेच बसवून दुसरा लिहायला लावला. तो पहिल्याहून सरस निघाला. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.

माफी मात्र मागितली नाही. सिनेमातल्या वकिलाला निदान जुळ्या बहिणीची सबब होती.