इंगळी : नाव आणि शुश्रूषा

वीर, बिरवाडी ह्या महाड तालुक्यातील गावांत विंचूदंश ही जुनीच आपत्ती. मोठ्या विंचवाला मराठीत ‘इंगळी’ म्हणतात. इंगळ म्हणजे निखारा, आणि त्याचे संस्कृत ‘अंगारा’शी नाते उघड आहे. नाव आगीचे, मृत्यू मात्र थंडाव्याने येतो. लाल विंचवाचे विष हृदयाला बाधले म्हणजे मुलाला ओकाऱ्या होतात, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात. दंशाच्या जागी वेदना पुष्कळदा फारशी नसते. आणि मूल रडत नाही म्हणून घरची माणसे निर्धास्त राहतात! १९७६ साली बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रात आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून ही लक्षणे टिपली. १९८२ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे त्यांनी प्राझोसीन हे रक्तदाबावरील औषध वापरले. १९८६ साली तोही वृत्तान्त त्याच पत्रात आला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा तीसच्या आसपास दगावत. ते प्रमाण शेकडा एकाच्या घरात उतरले. तथापि औषधाइतकेच मोल जागरणाचे. रक्तदाब एकाएकी उतरू नये म्हणून मुलाला उठू द्यावयाचे नसते. परिचारिकेने नाडी व श्वास पाहावयाचा, आणि वरचेवर तळपायाला हात लावावयाचा. पाय उबदार लागले की विषाचा अंमल ओसरू लागला असे समजावे.