शिकार गेली, शिकारी उरला

कारवान कुत्रा पहिल्यांदाच पाहणारा माणूस मालकाला हमखास विचारतो, "याला काही खायला घालता की नाही?" प्रश्न स्वाभाविक आहे. लांबोडके डोके, पाठीला चिकटल्यासारखे पोट, मोजता येतील अशा बरगड्या आणि काटकुळे पाय. रस्त्याच्या कडेला उभा असला तर कोणी दुसऱ्यांदा वळून पाहणार नाही. तोच कुत्रा माळावर सुटला की मात्र नजर ठरत नाही. भरधाव पळताना एकेका झेपेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. एकदा अंग आवळून घेतलेले असताना आणि एकदा पूर्ण ताणलेले असताना. खोल छाती आहे ती फुप्फुसांना जागा मिळावी म्हणून, आणि पोट आत गेलेले असल्याने मागचे पाय पार पुढे येऊन पडतात. आपल्याला जी उपासमार वाटते ती त्याची घडण आहे.

शिकारी कुत्रे ढोबळमानाने दोन प्रकारचे. काही नाक जमिनीला लावून माग काढतात, तर काही डोळ्यांनी सावज हेरतात आणि थेट त्याच्यामागे सुटतात. कारवान या दुसऱ्या जातकुळीचा. इराण-अरबस्तानातला सलुकी, मध्य आशियातला ताझी हे त्याचे भाऊबंद मानले जातात. घोड्यांचे सौदागर, फौजा आणि व्यापाऱ्यांचे काफिले यांच्याबरोबर असले कुत्रे दख्खनेत उतरले आणि कारवाँवरून त्यांना 'कारवानी' म्हणू लागले, असा सर्वसाधारण समज आहे. कर्नाटकातल्या मुधोळ भागात यालाच 'बेटे नायी', म्हणजे शिकारीचा कुत्रा, म्हणतात. अंगावर रेशमी झुपके असलेला तो 'पश्मी'. देशातल्या श्वानसंस्थांचेही नावावर एकमत नाही. एका संस्थेच्या दप्तरी तो 'कॅराव्हॅन हाउंड', तर दुसरीच्या दप्तरी 'मुधोळ हाउंड'. कुत्र्याला अर्थात याचे सोयरसुतक नाही.

आपल्याकडे कुठल्याही गोष्टीचा इतिहास सांगायचा म्हणजे तो राजवाड्यापासून सुरू करायची पद्धत आहे. सातारच्या शाहू महाराजांच्या कुत्र्याची गोष्ट प्रसिद्धच आहे. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचे प्राण वाचवले, म्हणून महाराजांनी त्याला जहागिरीची सनद आणि पालखीचा मान दिला. पुढे एकदा भर दरबारात त्याला जरीची वस्त्रे आणि जडजवाहीर घालून स्वतःची पगडीही त्याच्या डोक्यावर ठेवली, अशी नोंद ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात केली आहे. लोकांच्या तोंडी या कुत्र्याचे नाव 'खंड्या' आहे आणि संगम माहुलीला त्याचे स्मारक दाखवतात. हल्ली खंड्याला कारवानी ठरवून टाकण्याची हौस दिसते. शिवछत्रपतींच्या फौजेतही हेच कुत्रे होते, असेही छातीठोकपणे सांगितले जाते. अशा विधानांना पुरावा मागितला की बोलणारे नाराज होतात. माझ्या मते या कुत्र्याला उसन्या मोठेपणाची गरज नाही. त्याचा खरा इतिहास राजवाड्याबाहेर घडला.

त्यासाठी मुधोळलाच जायला हवे. घटप्रभेच्या काठचे हे संस्थान घोरपडे घराण्याचे. प्रजा बहुतांशी कानडी, राज्यकर्ते मराठे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी हा कुत्रा नावारूपाला आणला. इंग्लंडच्या पंचम जॉर्ज बादशहाला त्यांनी एक जोडी नजर केली आणि तेव्हापासून 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झाले, असे सांगतात. पण राजेसाहेबांना हा कुत्रा दिसला तो कोणाजवळ? त्याच कथेत याचे उत्तर आहे: रानात शिकार करणाऱ्या बेरडांजवळ.

हे बेरड कोण? मुधोळजवळच हलगली नावाचे गाव आहे. १८५७ साली इंग्रजांनी हत्यारबंदीचा कायदा लागू केला, तेव्हा तिथल्या बेरडांनी हत्यारे द्यायला साफ नकार दिला आणि बंड पुकारले. इंग्रजी फौजेने ते निर्दयपणे मोडून काढले. या बंडावर कानडीत लावण्याही झाल्या. शिकारीवर जगणाऱ्या माणसाच्या हातातले हत्यार गेले म्हणजे त्याच्यापाशी काय उरते? कुत्रा जमा करण्याचा कायदा कोणी केलेला नव्हता.

बेरड, धनगर, कोरडवाहू शेतकरी अशा माणसांनी हा वाण राखला. कृष्णेच्या खोऱ्यापासून सोलापूर, लातूरपर्यंतच्या माळांवर तो पिढ्यानपिढ्या नांदला. त्याची वंशावळ कागदावर नव्हती. जो कुत्रा सशाला गाठी, त्याच्याकडे लोक आपली कुत्री नेत. जो दमून बसे, त्याचा वंश वाढत नसे. निवड कठोर होती, पण चोख होती. बादशहाला नजर झालेली जोडी याच निवडीतून तयार झाली होती.

मग १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९९१च्या दुरुस्तीने परवान्याने होणाऱ्या शिकारीची वाटही बंद झाली. हे व्हायलाच हवे होते. काळवीट आणि ससे माळरानावरून झपाट्याने कमी होत होते. नान्नजच्या माळढोकाचे काय झाले ते आपण पाहिलेच. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना मोकाट कुत्र्यांइतका वैरी दुसरा नाही, मग तो कुत्रा खानदानी का असेना. आजही कोणी 'कुत्र्याला सराव हवा' म्हणून सशामागे सोडत असेल तर तो गुन्हाच आहे. पण या कायद्याबरोबर एका प्राण्याचा शेकडो वर्षांचा धंदा बसला, हेही खरे. आणि धंदा बसला की निवड थांबते.

त्यानंतर त्याला मानमरातब भरपूर मिळाले. २००५च्या जानेवारीत टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. पुढे काही वर्षांतच मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र उभे राहिले. २०१६ मध्ये पिल्ले लष्कराकडे मेरठला गेली. २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचे नाव घेतले आणि शहरांतून मागणी सुरू झाली. मागणी आली की भेसळ येते. शर्यतीत चार पावले पुढे राहावा म्हणून ग्रेहाउंडशी संकर करायचा आणि पिल्लू 'अस्सल कारवान' म्हणून विकायचे, हा उद्योग चालतो.

म्हणून ज्यांना हा कुत्रा पाळायचा आहे, त्यांनी आधी त्याचा स्वभाव समजून घ्यावा. तो कोणाच्याही गळ्यात पडणारा नाही. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. अंग चोरून बाजूला होतो. घरातल्या एखाद्याच माणसाला तो मनापासून आपला मानतो. हुकूम ऐकतो, पण विचार करून. मारझोड केली तर कायमचा बुजतो. आणि समोर काही पळाले, मग ती मांजर असो, कोंबडी असो की वाऱ्याने उडालेली पिशवी, तर त्या क्षणी तुमची हाक त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. तो हट्टीपणा नाही, वारसा आहे. त्यामुळे रहदारीच्या रस्त्यावर साखळी सोडू नये. पण दिवसभर साखळीला बांधूनही ठेवू नये. रोज कुंपणाच्या आत मनमुराद धावायला जागा मिळणार नसेल, तर दोन खोल्यांच्या घरात या प्राण्याला आणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

खाण्याचे त्याचे फार चोचले नाहीत. गावाकडे दुधात किंवा ताकात कुस्करलेली ज्वारीची नाहीतर मक्याची भाकरी, जमेल तेव्हा अंडे, मटण, एवढ्यावर हे कुत्रे वाढले. बरगड्या झाकल्या जाईपर्यंत खाऊ घालणे ही शहरी माया. तिने त्याचे सांधे जातात. छाती खोल असल्याने पोट फुगण्याचा धोका असतो, म्हणून जेवणानंतर लगेच पळवू नये. कातडी पातळ, अंगावर चरबी नाही. थंडीत पोते किंवा गोधडी लागते, आणि तारेच्या कुंपणाने जखम झाली तर ती कागद फाटावा तशी होते. भुलीची काही औषधे अशा सडपातळ कुत्र्यांच्या शरीरातून लवकर उतरत नाहीत; शस्त्रक्रियेची वेळ आली तर डॉक्टरांना जात आवर्जून सांगावी. रेबीजची लस, जंतांचे औषध, गोचिडांवर नजर, हे इतर कुत्र्यांप्रमाणेच.

राहता राहिला प्रश्न कामाचा. लष्करी कुत्र्यांचे बरेचसे काम वास घेण्याचे, आणि आपला गडी डोळ्यांचा. त्यामुळे तिथे त्याची तुलना लॅब्राडोरशी करण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. अधिक जुळणारे काम हवाई दलाला सुचले. धावपट्टीवर उतरणारे पक्षी विमानाच्या इंजिनात सापडले तर अनर्थ होतो. त्यांना हुसकावण्यासाठी २०२१ मध्ये आग्र्याच्या तळाकडे तिम्मापूरहून चार पिल्ले देण्यात आली. समोर मैलभर मोकळी जमीन, लांबवर हलणारा ठिपका आणि सुटण्याची मुभा. फक्त सावज पकडायचे नाही, उडवून लावायचे.