वि. स. पागे : सत्तेबाहेरील सल्लागार आणि रोजगार हमी योजना

प्रस्तावना :
राज्याच्या राजकीय इतिहासाचे लेखन बहुधा मुख्यमंत्री आणि मंत्र्यांभोवती केंद्रित असते. धोरणाची मूळ कल्पना मांडणारी, तिचा पाठपुरावा करणारी परंतु शासकीय आदेशावर जिची स्वाक्षरी नसते अशी व्यक्ती त्यामुळे दुर्लक्षित राहते. विठ्ठल सखाराम पागे (1910-1990) हे याचे महत्त्वाचे उदाहरण होय. प्रस्तुत लेखात रोजगार हमी योजनेच्या संदर्भात त्यांच्या सल्लागार भूमिकेचा विचार केला आहे.

पद आणि मर्यादा :
स्वातंत्र्यसैनिक व गांधीवादी विचारांचे पागे 1960 ते 1978 अशी सलग अठरा वर्षे महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीकडे ना खाते असते, ना अंदाजपत्रकावर अधिकार. सभागृहात त्याने तटस्थ राहणे अपेक्षित असते. म्हणजेच स्वतःची योजना राबविण्याचे कोणतेही कार्यकारी साधन पागे यांच्या हाती नव्हते. मात्र याच पदामुळे सत्ताधारी आणि विरोधक या दोघांशीही त्यांचा विश्वासाचा संबंध राहिला. मंत्रिपदाच्या स्पर्धेत नसलेल्या माणसाचा सल्ला कोणालाही संशयास्पद वाटत नाही, हे त्यांच्या प्रभावाचे एक कारण मानता येईल.

कल्पनेपासून कायद्यापर्यंत :
1965 मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे पागे यांच्या प्रेरणेने ग्रामीण रोजगाराचा प्रयोग झाला. तो पुढे ‘पागे योजना’ म्हणून ओळखला गेला. मागेल त्याला काम आणि त्या कामातून शेतीस उपयोगी मत्ता, हे त्याचे सूत्र होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 41 मधील कामाच्या हक्काचे मार्गदर्शक तत्त्व येथे प्रत्यक्ष गावपातळीवर तपासले जात होते.

मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने 1972 मध्ये ही योजना स्वीकारली. परंतु लगेचच भीषण दुष्काळाने राज्य ग्रासले. मे 1973 च्या सुमारास दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या आसपास पोहोचली. या अनुभवातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक, इतक्या मोठ्या प्रमाणावर काम पुरविणे प्रशासनाला शक्य होते. दुसरी, दुष्काळ ओसरताच बंद होणारे मदतकार्य आणि कायमचा हक्क यांत मूलभूत अंतर होते.

हक्कासाठी हक्काचा निधी आवश्यक होता. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरांतील नोकरदार व व्यावसायिकांकडून मिळणारा कर आणि राज्याचा तेवढाच वाटा यांतून ग्रामीण मजुरी देण्याची व्यवस्था निर्माण झाली. वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दीत रोजगार हमी अधिनियम, 1977 संमत झाला व शरद पवार मुख्यमंत्री असताना 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. चार मुख्यमंत्री बदलले, पक्षांतर्गत गट बदलले, तरी योजनेची दिशा बदलली नाही. या सातत्यामागे पागे यांचा पाठपुरावा होता.

मूल्यमापन :
स्त्री-पुरुषांना समान दर असल्याने या कामांवर स्त्रियांची उपस्थिती लक्षणीय राहिली. संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या बागायती पट्ट्यापेक्षा पठार भागासारख्या पर्जन्याश्रित प्रदेशाला नालाबंडिंग, पाझर तलाव, मृदसंधारण अशा कामांचे महत्त्व अधिक, हे उघड आहे. तथापि योजनेच्या मर्यादाही नाकारता येत नाहीत. कायद्यात तरतूद असूनही बेकारी भत्ता क्वचितच मिळाला, हजेरीपटांत गैरप्रकार झाले आणि निर्माण झालेल्या मत्तांचा अधिक लाभ जमीनधारकांना झाला. घाम भूमिहीनाचा आणि ओलावा दुसऱ्याच्या शिवाराला, ही विसंगती राहिलीच. सल्लागार कायद्याचा आशय घडवू शकतो. अंमलबजावणीची यंत्रणा त्याच्या अधीन नसते, हेच यातून दिसते.

समारोप :
2005 मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला, त्यावेळी महाराष्ट्राचा अनुभव देशापुढे होता. पागे तेव्हा हयात नव्हते. राजकीय प्रभावाचे मोजमाप केवळ पदावरून करता येत नाही. कल्पना मांडणाऱ्याची खुर्ची गेल्यानंतर ती कल्पना किती काळ टिकली, हाही तितकाच महत्त्वाचा निकष आहे. त्या निकषावर पागे यांचे स्थान अनेक मंत्र्यांहून वरचे ठरते.