औषधविक्रेत्याची दुसरी परीक्षा

इ. स. १९४८ च्या मार्च महिन्यांत चार दिवसांच्या अंतरानें दोन गोष्टी घडल्या. ४ मार्च रोजीं दिल्लीस फार्मसीच्या कायद्यास संमति मिळाली. ८ मार्च रोजीं पटवर्धनांचीं कुरुंदवाडचीं थोरली व धाकटी अशीं दोन्ही संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं. या दोन घटनांचा परस्परांशीं कांहीं संबंध नव्हता. परंतु कुरुंदवाडच्या बाजारांत औषध देणाऱ्या माणसाचें भवितव्य या दोहोंनीं मिळून ठरविलें. तत्पूर्वीं औषधांविषयींचा जो कायदा १९४० सालीं झाला होता, तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. संस्थानी मुलखास तो आपोआप लागू होत नसे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाभोंवतालच्या त्या टापूंत एका गांवावर कोल्हापूरचें छत्र, तर शेजारच्या गांवावर पटवर्धनांच्या कोणत्या तरी शाखेचें. हिंवताप मात्र सर्व हद्दी सारख्याच मानीत असे, म्हणजे मानीत नसे.

त्या काळीं औषध देणारा मनुष्य म्हणजे कंपौंडर. आमच्या पिढीनें त्याचे शेवटचे प्रतिनिधी पाहिले आहेत. डॉक्टरच्या खोलीमागील लांकडी आडोसा ही त्याची शाळा; खल, तोलकांटा आणि मापाचा कांचेचा पेला हीं त्याचीं साधनें. बाटलींत मिक्श्चर भरावें, मात्रेच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी तिच्या पाठीवर डकवावी, आणि ‘हलवून घ्या’ असें बजावून रोग्यास वाटेला लावावें, हा त्याचा नित्यक्रम. त्याची थट्टा करणें सोपें आहे, परंतु तें अन्यायाचें होईल. क्विनाईन, सोडा, टिंक्चर आयोडिन आणि आणखी कांहीं डझन द्रव्यें यांपलीकडे त्याचें जग जात नव्हतें, आणि त्या जगांत तो पारंगत होता. विशीमध्यें शिकलेली विद्या साठीपर्यंत पुरत असे, कारण औषधेंच बदलत नव्हतीं.

रोग ओळखणारा आणि औषध देणारा हीं दोन माणसें निराळीं असावीं, हा विचार आपल्याकडे परका आहे. आमचा वैद्य नाडीही पाही आणि मात्राही उगाळी. युरोपांत ही फारकत तेराव्या शतकांत सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या कायद्यानें झाली, आणि तिच्या पोटीं एक मोठी सोय जन्मास आली. ती ही कीं, एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेस पडण्याचा संभव निर्माण झाला. फार्मासिस्टच्या धंद्याचें खरें मोल यांत आहे. तो केवळ फडताळांतून डबी काढून देणारा असेल, तर त्याची आवश्यकता कोणी सिद्ध करूं शकणार नाहीं. तो चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचणारा मनुष्य आहे, म्हणूनच तो हवा.

आपल्या देशांत ही दृष्टि कायद्यांत उतरण्यास किती विलंब लागला तें पाहण्यासारखें आहे. बाजारांतील निकृष्ट व भेसळीच्या औषधांविषयीं ओरड फार झाली तेव्हां १९३० सालीं सरकारनें कर्नल रामनाथ चोपडा यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तिनें १९३१ सालीं अहवाल दिला आणि औषधांवर नियंत्रण हवें, तसेंच तीं देणारा मनुष्यही शिकलेला हवा, अशा दोन्ही गोष्टी सांगितल्या. पहिलीस कायद्याचें रूप येण्यास नऊ वर्षें लागलीं, दुसरीस सतरा. दरम्यान महादेवलाल श्रॉफ यांनीं काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत १९३२ सालीं या विषयाचें शिक्षण सुरू केलें, हें त्या मंद काळांतील एक आशादायक काम होय. १९४८ च्या कायद्यानें पहिली नोंदवही उघडतांना पांच वर्षें औषधें बनविण्याचें काम केलेल्या कंपौंडरांसही आंत घेतलें, आणि तें योग्यच केलें. एका रात्रींत पदवीधर कोठून आणावयाचे? परंतु नोंद नसलेल्या माणसानें औषध देऊं नये हें जें या कायद्याचें मर्म, तें ४२ वें कलम अमलांत आणण्याची तारीख प्रांतांवर सोंपविली गेली. आणि ज्या राज्यांनीं ती ठरविलीच नाहीं तेथें तें १९८४ सालीं लागू झालें. छत्तीस वर्षें! तेवढ्यांत कंपौंडरची एक अख्खी पिढी कामाला लागून निवृत्तही झाली.

या छत्तीस वर्षांत औषधशास्त्राचा कायापालट झाला. स्ट्रेप्टोमायसिननें क्षयाचा दरारा कमी केला. १९५५ सालीं भारताची पहिली औषधसंहिता निघाली. पुढें ग्रेन, ड्रॅम, औंस हीं मापें जाऊन मिलिग्रॅम व मिलिलिटर आले. हा बदल कागदावर निरुपद्रवी दिसतो; पण एक ग्रेन म्हणजे सुमारें ६५ मिलिग्रॅम, आणि ग्रेन व ग्रॅम यांत पंधरापटींचें अंतर. जुन्या मापावर हात बसलेल्या माणसास हें कोणी बसवून शिकविलें असेल, तर तें त्याच्या मालकानें किंवा शेजारच्या दुकानदारानें; कायद्याची तशी अपेक्षाच नव्हती. कायद्याच्या लेखीं एकदां नोंदला तो कायमचा जाणता. त्यानें नोंदणीची फी वेळेवर भरली कीं त्याचें ज्ञानही ताजें झालें, असा कांहीं तरी समज त्यामागें असावा.

अज्ञानाची किंमत कोण देतो, हें मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत १९८६ सालच्या आरंभीं दिसलें. मेंदूवरील दाब उतरविण्यासाठीं रोग्यांस ग्लिसरीन पाजण्याची पद्धत होती. त्या मालांत डायएथिलीन ग्लायकॉल नांवाचें द्रव्य निघालें. हें चवीस गोड, दिसण्यांत ग्लिसरीनसारखें, किमतीनें स्वस्त आणि मूत्रपिंडांचा नाश करणारें. चौदा रोगी दगावले. न्यायमूर्ति बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानें चौकशी केली आणि रुग्णालयाची खरेदी, औषधप्रशासन व मंत्रालय या सर्वांवर कठोर ताशेरे ओढले. तो अहवाल इतिहासाच्या विद्यार्थ्यानें वाचावा असा आहे. त्यांत एक खलपुरुष सांपडत नाहीं; सांपडतात तीं अनेक टेबलें, ज्यांवरून तो माल पुढें सरकला, आणि एकाही टेबलापाशीं कोणी ‘हें तपासलें आहे काय?’ असा प्रश्न निकरानें विचारला नाहीं.

विशेष खेदाची गोष्ट अशी कीं, हें विष जगास तेव्हां नवें नव्हतें. १९३७ सालीं अमेरिकेंत याच द्रवांत सल्फाचें एक औषध विरघळवून तें विकलें गेलें व शंभराहून अधिक माणसें मेलीं. तेथील त्या वेळच्या कायद्यांत, माणसें मारल्याबद्दल नव्हे, तर मद्यार्क नसतां औषधास ‘एलिक्झिर’ हें नांव दिल्याबद्दल कारखानदारास दंड करतां आला! दुसऱ्याच वर्षीं तो कायदा बदलला. परंतु आमच्या विषयास अधिक लागू असा भाग निराळाच आहे. बनविलेल्या २४० गॅलनांपैकीं २३४ गॅलन परत मिळविण्यांत सरकारी निरीक्षकांस यश आलें, आणि त्या कामीं औषधविक्रेत्यांच्या दुकानांतील विक्रीच्या चिठ्ठ्या उपयोगीं पडल्या. ज्या दुकानदारानें बाटली कोणास दिली तें लिहून ठेवलें होतें, त्याच्या गिऱ्हाइकाच्या दारीं निरीक्षक वेळेवर पोंचला.

तेंच द्रव्य आपल्या देशांत १९७२ सालीं मद्रासेस, १९९८ सालीं गुडगांवास, २०१९-२० च्या हिंवाळ्यांत जम्मूकडे आणि २०२५ सालीं मध्यप्रदेशांतील छिंदवाड्यास मुलांच्या औषधांतून आलें. छिंदवाड्याचीं पुष्कळ मुलें उपचारासाठीं आपल्या नागपुरासच आणलीं होतीं. त्या खोकल्याच्या औषधाच्या एका बॅचमध्यें हें विष ४८ टक्क्यांहून अधिक निघालें. चालणारें प्रमाण ०.१ टक्का. त्या ऑक्टोबरांत महाराष्ट्राच्या औषधप्रशासनानेंही त्या बॅचचा वापर थांबविण्याविषयीं सूचना काढली. आतां कोणी म्हणेल कीं, गल्ल्यावर बसलेला फार्मासिस्ट कारखान्यांतील भेसळ काय ओळखणार? ओळखणार नाहींच. परंतु बॅचचा क्रमांक नोंदविणें, सूचना आल्याच्या दिवशीं ती वाचणें, माल बाजूस काढणें, आणि चार वर्षांच्या आंतील मुलासाठीं सर्दीचें मिश्र औषध मागणाऱ्या आईस ‘हें देत नाहीं’ असें सांगणें, एवढें त्याच्या हातीं आहे. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचें मिश्रण चार वर्षांखालील मुलांस देऊं नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा केंद्राचा हुकूम डिसेंबर २०२३ मधला आहे. १९९० सालीं पदविका घेतलेल्या माणसास तो कोणत्या पाठ्यपुस्तकांत सांपडावा?

अशीं उदाहरणें हवीं तितकीं देतां येतील, दोनच देतों. मेथोट्रेक्सेट हें संधिवातावर आठवड्यांतून एकदां घ्यावयाचें औषध. तें रोज घेतलें गेल्यानें जगभर रोगी दगावले आहेत. त्या पाकिटावर ‘फक्त सोमवारीं’ असें मराठींत लिहिण्यास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाहीं, पण तें लिहावें हें ठाऊक असावें लागतें. दुसरें नांवांच्या साम्याचें. मेंदूंत चढणाऱ्या मलेरियावरील ‘फॅल्सिगो’ व ‘फॅल्सिटॅब’ या दोन निरनिराळ्या औषधांच्या नांवांचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि औषधांच्या बाबतींत नामसादृश्याची कसोटी इतर मालाहून अधिक कडक असली पाहिजे असें न्यायालयानें २००१ सालीं ठरविलें. साबणाच्या नांवांत घोटाळा झाला तर गिऱ्हाईक फसतें. येथें प्राण जातो. मिरजेस डॉ. वॉन्लेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय काढल्यापासून त्या शहराकडे आसपासच्या गांवांचे रोगी जात आले आहेत. तेथून चिठ्ठी घेऊन कुरुंदवाडास परतलेल्या म्हाताऱ्या माणसाची ती चिठ्ठी जाणत्या नजरेनें शेवटची वाचली जाते ती गांवच्या दुकानांत. त्यापुढें घरीं ती वाचणारा कोणी नसतो.

हें सर्व ध्यानीं घेऊन २०१५ सालीं फार्मसी कौन्सिलच्या व्यवसायविषयक नियमांत रोग्यास समजावून सांगणें हें फार्मासिस्टचें कर्तव्य ठरलें, आणि पांच वर्षांत किमान एकेका दिवसाचे दोन उजळणीवर्ग त्यानें करावे असेंही सांगितलें गेलें. महाराष्ट्राची राज्य परिषद असे वर्ग भरवितेही. आम्ही याचें स्वागतच करतों. तथापि पांच वर्षांत दोन दिवस, हें प्रमाण आम्हांस एकादशीच्या फराळासारखें वाटतें. उपास मोडल्याचें समाधान होतें, पोट भरत नाहीं. शिवाय वर्ग मोठ्या शहरीं, व्याख्यानें इंग्रजींत, आणि सायंकाळीं प्रमाणपत्रांचें वांटप, असा प्रकार झाल्यास श्रोत्याचें लक्ष शेवटच्या विषयाकडेच लागून राहणार. लहान गांवच्या दुकानदाराची अडचण खरी आहे. दुकान एकट्याचें असेल तर दिवसभर बंद ठेवावें लागतें. आणि तें बंद न ठेवतां तो वर्गास गेला, तर मागें गल्ल्यावर कोण बसला आहे हा प्रश्न येतो. प्रमाणपत्र भिंतीवर आणि माणूस भलतीकडे, हा रोग आपल्या राज्यांत जुना आहे. २०१२ च्या सुमारास प्रशासनानें फार्मासिस्टच्या हजेरीचा आग्रह धरला तेव्हां विक्रेत्यांच्या संघटनांनीं बंद पुकारले होते. त्यांच्या कांहीं तक्रारींत तथ्य असेल. पण शिकलेला मनुष्य दुकानांत असावा, या मागणीविरुद्ध दुकानेंच बंद करावीं, हा युक्तिवाद आम्हांस कधींच समजला नाहीं. जो दुकानांत हजरच नाहीं त्याला उजळणी देऊन रोग्याचा फायदा कोणता?

१ मार्च २०१४ पासून क्षयाचीं व कांहीं प्रबळ जंतुघ्न औषधें देतांना रोग्याचें व डॉक्टरचें नांव, औषध आणि मात्रा निराळ्या वहींत लिहून ती वही तीन वर्षें जपावी लागते. ही वही कशासाठीं, हें ज्यास कळलें नाहीं, तो ती निरीक्षकासाठीं भरतो, आणि बहुधा महिन्याच्या शेवटीं एका बैठकींत भरतो. १९३७ सालच्या त्या चिठ्ठ्यांची हकीकत त्यास कोणी सांगितली तर तो ती रोजच्या रोज भरील, असा आमचा अनुभवापेक्षां विश्वासच अधिक आहे. उजळणीवर्गांत नियमांच्या जोडीला नियमांचा इतिहास शिकवावा तो याकरितां.

शिरोळ तालुक्यापुरतें बोलावयाचें तर हे वर्ग तालुक्याच्याच ठिकाणीं, मराठींत, रात्रीं दुकानें मिटल्यावर दोन-दोन तासांचे भरावे, आणि त्यांतील एक तरी मृग निघण्यापूर्वीं व्हावा. २००५ व २०१९ या दोन्ही सालीं कुरुंदवाडास महापुरानें वेढलें होतें. पुराच्या पाण्यांत भिजलेली गोळ्यांची पत्रावळ वरून कोरडी दिसली तरी विकतां येत नाहीं. इन्सुलिनला दोन ते आठ अंशांचें थंडपण लागतें आणि वीज तर पहिल्या दिवशींच जाते. छावणींतल्या मधुमेह्यापाशीं चिठ्ठी नसते, आणि त्याला आपल्या गोळीचा फक्त रंग आठवत असतो. अशा वेळीं माल कोणत्या फळीवर चढवावा, काय नष्ट करावें, कोणाच्या सहीनें काय द्यावें, आणि नोंदवहीची एक प्रत गांवाबाहेर कोठें ठेवावी, एवढे चार विषय त्या पहिल्या रात्रीस पुरेसे आहेत.