सोनखतातलं हीण

मैल्याचं सोनं होतं, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. ‘सोनखत’ हा शब्दच त्याची साक्ष देतो. पण सोनं म्हटलं की हीणही आलंच. ते हीण ओळखायला किती वर्षं लागतात, हे इंग्लंडातल्या एका शेताच्या हकिकतीवरून तुमच्या ध्यानात येईल.

लंडनच्या उत्तरेला बेडफर्डशायर परगण्यात वोबर्न नावाचं गाव आहे. तिथल्या रेताड जमिनीत रॉथॅमस्टेड या जुन्या संशोधनसंस्थेने १९४२ साली, ऐन महायुद्धात, भाजीपाल्याचा एक प्रयोग मांडला. पूर्वी मळेवाल्यांना शहरातल्या घोड्यांची लीद मिळे. मोटारी आल्या, घोडे गेले. मग खत आणायचं कुठून? म्हणून काही वाफ्यांना शेणखत, काहींना कंपोस्ट, तर काहींना लंडनच्या सांडपाण्यातला गाळ दिला. गाळ घालणं १९६१ पर्यंत चाललं.

आता पाहा, शहराच्या गटारात घरचं पाणी येतं तसंच कारखान्याचंही येतं. त्याबरोबर जस्त, तांबं, निकेल, शिसं, कॅडमियम हे धातू गाळात उतरतात. गाळातला सेंद्रिय भाग हळूहळू कुजून जातो, नत्र पीक घेतं. धातू मात्र कुजत नाहीत. ते मातीच्या वरच्या थरात ठाण मांडून बसतात.

सगळेच धातू पिकात सारखे चढत नाहीत. शिसं बहुतेक मुळाशीच अडतं. कॅडमियमचं तसं नाही. ते गुणाने जस्ताचा भाऊ. रोपाला जस्त हवं असतं, त्याच वाटेने हेही आत शिरतं आणि पानात जाऊन बसतं. जमीन आम्ल असली तर अधिक, चुना घातला तर कमी. आणि खरा धोका असा, की भाजी दिसते हिरवीगार! खाणाऱ्याच्या मूत्रपिंडात मात्र ते वर्षानुवर्षं साठत जातं.

गाळ बंद होऊन वीस वर्षं उलटली, तरी धातू जागचे हलले नव्हते. १९८० नंतरच्या दशकात त्या मातीत पांढरं क्लोव्हर हे द्विदल चाऱ्याचं पीक घेतलं, तर ते खुरटलं. मुळांवर गाठी होत्या, पण त्या हवेतलं नत्र धरीनात. कामाचे जीवाणू धातूंनी नाहीसे केले होते. उरला होता तो निकामी वाण. प्रयोग मांडला होता भाज्यांसाठी, आणि उत्तर मिळालं भलत्याच पिकाकडून!

युरोपीय समुदायाने १९८६ साली गाळाच्या वापरावर नियम घातले. गाळ टाकायच्या जमिनीत किलोमागे कॅडमियम किती चालेल, याची मर्यादा १ ते ३ मिलिग्रॅमच्या दरम्यान ठरली.

म्हणून गाळ टाकाऊ का? मुळीच नाही. धातू कारखान्याच्या दारातच अडवावा, म्हणजे गाळाचं पुन्हा खत होतं. तेव्हा उद्या कुणी तुमच्या शेतात शहरचा गाळ आणून टाकू लागलं, तर भाव मागाहून विचारा. आधी विचारा, हा कुठल्या गटारातला? कारण एकदा मातीत गेलेला धातू तुमचा नातूही वेचून काढू शकणार नाही.