पेटीआधीची यादी

भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची कथा बहुतेक वेळा मतपेट्यांपासून सुरू होते. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर बैलजोडी, दिवा किंवा वडाचे झाड, विक्रोळीत गोदरेजने घडवलेल्या पोलादी पेट्या, बर्फ पडण्याआधी ऑक्टोबर १९५१ मध्येच उरकून घेतलेले हिमाचलातल्या चिनी या भागाचे मतदान. हे चित्र खरे आहे, पण त्यात अवघड काम दिसत नाही. ते काम मतदारयादीचे होते. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारले गेले, निवडणूक आयोग जानेवारी १९५० मध्ये आला. याद्यांची तयारी मात्र संविधान सभेच्या सचिवालयाने १९४८ मध्येच सुरू करवली होती. इतिहासकार ऑर्निट शनी यांनी या तयारीचा पत्रव्यवहार अभ्यासला आहे. फाळणीतून आलेल्या निर्वासिताकडे ठरावीक मुदतीच्या वास्तव्याचा पुरावा कुठून असणार? तेव्हा इथेच कायम राहण्याचा इरादा त्याने लिहून दिला, की तेवढ्यावर नाव नोंदवायचे असे ठरले. नागरिकत्वाचा कायदेशीर निकाल लागण्याआधीच माणूस मतदार झाला होता.

यावर म्हटले जाते की निवडणुकीचे यंत्र इंग्रजांनीच घालून दिले होते. १९३७ आणि १९४६ ला मतदान झालेच होते. कारकून तेच होते, हे मान्य. पण त्यांच्या जुन्या याद्या जमीन, कर आणि शिक्षण पाहून आणि धर्मवार मतदारसंघ पाडून केलेल्या होत्या. १९३५ च्या कायद्याने पुष्कळ स्त्रियांना मत मिळाले तेही नवऱ्याच्या मिळकतीच्या जोरावर. एकवीस वर्षे पुरी झालेल्या प्रत्येकाची नोंद करायची म्हटल्यावर त्या याद्या वाढवून भागणार नव्हते, दारोदार जाऊन नव्याने लिहिणे भाग होते. १७ कोटींहून अधिक नावे अशी जमली.

सर्वांत कठीण प्रसंग उभा राहिला तो स्त्रियांच्या नावांवर. बिहार, राजस्थान, उत्तर प्रदेश अशा भागांत लाखो स्त्रियांनी परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगितले नाही. नोंद झाली ती अमक्याची बायको, तमक्याची मुलगी अशी. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी नाकारल्या. नावे मिळवण्याचे प्रयत्न झाले, बिहारला मुदतही वाढवून मिळाली. तरी सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. पुरुषी रिवाजाची शिक्षा स्त्रियांनीच का भोगावी, हा आक्षेप साधा नाही आणि त्या २८ लाखांचे नुकसान कोणत्याही युक्तिवादाने भरून येत नाही. तरीही सेन यांचा निर्णय मला बरोबर वाटतो. निनावी नोंदीवर मतदान केंद्रात कोणतीही बाई उभी करता आली असती. शिवाय अशी नोंद स्वीकारणे म्हणजे १९३५ चा नवऱ्यामार्फत येणारा हक्क मागच्या दाराने परत आणणे होते. संविधानाने मत घराला दिलेले नव्हते, त्या बाईला दिले होते, आणि कुटुंबप्रमुखाला घरातल्या बाईचे नाव सरकारी कागदावर लिहू द्यावे लागेल, असा आग्रह एवढ्या मोठ्या प्रमाणावर सरकारने त्याआधी कधी धरला नव्हता.

प्रत्यक्ष मतदान निम्म्याहूनही कमी झाले, म्हणून एवढ्या खटाटोपाचे मोल कमी ठरवणारेही आहेत. पण मताला न आलेला मतदारही यादीत होता, पुढच्या वेळी येऊ शकत होता. १९५७ ला पुन्हा सेन यांच्याच देखरेखीखाली निवडणूक झाली, तेव्हा यादीत १९ कोटींहून अधिक नावे होती.