कुत्रीचा माज, फरशीवरचे डाग आणि शतकभर टिकलेला एक गैरसमज

#इतिहास #थ्रेड

१/ घरात मादी कुत्री असली की वर्षातून साधारण दोनदा घराची शिस्त बिघडते. कुत्री माजावर येते. फरशीवर, सतरंजीवर, पलंगपोसावर रक्ताचे ठिपके दिसू लागतात. जुन्या चादरी बाहेर निघतात, गालिचे गुंडाळले जातात आणि फाटकाबाहेर गल्लीतले कुत्रे ठाण मांडून बसतात. या घरगुती त्रासाचा इतिहासाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध मोठा आहे. याच ठिपक्यांकडे पाहून १९व्या शतकातील युरोपीय वैद्यकाने स्त्रीच्या शरीराविषयी एक निष्कर्ष काढला. तो चुकीचा होता, आणि त्याचे परिणाम अनेक स्त्रियांना भोगावे लागले.

२/ आधी शरीरशास्त्र थोडक्यात पाहू. कुत्रीच्या माजाचे दोन टप्पे असतात. पहिल्यात योनिमुख सुजते, रक्तमिश्रित स्राव होतो, नर मागे लागतात. पण ती त्यांना जवळ येऊ देत नाही. हा टप्पा सरासरी ९ दिवसांचा. दुसऱ्यात स्राव फिका होतो आणि ती नराचा स्वीकार करते. हाही सुमारे ९ दिवसांचाच, मात्र प्रत्येक कुत्रीगणिक यात पुष्कळ फरक पडतो. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट एकच : कुत्रीचे रक्त दिसते ते बीज सुटण्याच्या *आधी*. पुढची सारी कथा या एका शब्दावर उभी आहे.

३/ आपल्या भाषेने या गोष्टीची दखल फार पूर्वी घेतली आहे. गाय, म्हैस, कुत्री ‘माजावर येते’, हा शेतकऱ्याच्या तोंडचा रोजचा शब्द. भाद्रपद महिना तर कुत्र्यांच्या नावाने बदनामच झाला. एरवी पाळीव कुत्री कोणत्याही ऋतूत माजावर येऊ शकते. पण भारतातील मोकाट कुत्र्यांचा समागम पावसाळ्याच्या अखेरीस आणि शरदात अधिक दिसतो. भाद्रपदाची म्हण निरीक्षणातूनच जन्मली. गंमत अशी की, माज मादीला येतो आणि म्हणीत टीका होते ती नराच्या चंचलतेवर!

४/ लिखित नोंदींत सर्वांत जुन्या आणि नेमक्या नोंदींपैकी एक ॲरिस्टॉटलची आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील आपल्या प्राणिविषयक ग्रंथात तो सांगतो की, कुत्रीला सुमारे ७ दिवस स्राव होतो व अवयवांना सूज येते. या काळात ती नराला स्वीकारत नाही, त्यानंतरच्या ७ दिवसांत स्वीकारते. एकूण काळ १४ दिवसांचा, काही कुत्र्यांत १६ दिवसांचा. सूक्ष्मदर्शक नाही, प्रयोगशाळा नाही. तरी ‘आधी रक्त, मग समागम’ हा क्रम त्याने अचूक टिपला होता.

५/ माजाला आज जगभरचे पशुवैद्य जो ‘ईस्ट्रस’ हा शब्द वापरतात, तोही मूळचा ग्रीक. ‘ऑइस्ट्रोस’ म्हणजे गुरांना डसणारी गोमाशी. ती चावली की जनावर बेभान होऊन धावते. त्यावरून बेभानपणालाच हे नाव मिळाले. शास्त्रात त्याची रीतसर प्रतिष्ठापना केली ती ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ वॉल्टर हीप याने, १९०० साली. माजाच्या आधीची, प्रत्यक्ष माजाची आणि नंतरची अशा अवस्थांना त्याने वेगवेगळी नावे दिली.

६/ मध्ययुगात स्वच्छतेचा प्रश्न घरापेक्षा कुत्रेघरात अधिक होता. दक्षिण फ्रान्समधील फ्वा प्रांताचा सरदार गास्तों फेब्युस याने १३८७ मध्ये मृगयेवर ग्रंथ लिहायला घेतला. त्यात शिकारी कुत्र्यांच्या निवाऱ्याची तपशीलवार व्यवस्था आहे : रोज झाडलोट, ताजा पेंढा, बदललेले पाणी, मूत्र वाहून जाण्यासाठी गटार, ऊन खायला अंगण. ही कामे करणारा पोऱ्या रात्री कुत्र्यांजवळच झोपायचा. आज ज्याला आपण ‘हायजीन’ म्हणतो, ते या राजेशाही कुत्र्यांना त्या काळच्या अनेक माणसांआधी लाभले होते.

७/ या ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर यॉर्कचा ड्यूक एडवर्ड याने १५व्या शतकाच्या आरंभी केले. माजावर आलेली कुत्री काही दिवस शिकारीला निकामी ठरते, साऱ्या टोळीला विचलित करते, ही त्यातील खरी चिंता. म्हणून माज लवकर उतरावा यासाठी तिला दिवसातून दोनदा नदीत घालावे, असा तोडगा येतो. अंडाशय काढलेली कुत्री अधिक काळ कामास येते, असेही मत येते. म्हणजे निर्बीजीकरणाची कल्पना आधुनिक नव्हे. आधुनिक आहे ती भूल आणि निर्जंतुक शस्त्रक्रिया.

८/ १९व्या शतकात इंग्लंडमध्ये कुत्रा मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आला. १८५९ मध्ये न्यूकॅसल येथे श्वानप्रदर्शन भरले, १८७३ मध्ये ‘केनेल क्लब’ स्थापन झाला, वंशावळींच्या वह्या तयार झाल्या. आता माजावरील कुत्रीला कोंडून ठेवण्यामागे गालिच्याची काळजी होती, पण त्याहून मोठी काळजी होती ‘रक्तशुद्धी’ची. कुत्रीच्या एकाच वेतात वेगवेगळ्या नरांची पिल्ले असू शकतात. एकदा दार उघडे राहिले की वंशावळीची वही खोटी ठरे.

९/ त्याही पुढे एक विचित्र समजूत होती. उच्च जातीच्या कुत्रीचा एकदा जरी गावठी कुत्र्याशी संबंध आला, तरी ती कायमची ‘बिघडते’ आणि पुढच्या शुद्ध नरापासून झालेल्या पिल्लांतही तो कलंक उतरतो, असे मानले जाई. या कल्पनेला ‘टेलिगनी’ म्हणत. तिला आधार मिळाला तो लॉर्ड मॉर्टन याच्या घोडीचा. क्वागा या झेब्रासदृश प्राण्याशी संकर झालेल्या या घोडीला नंतर घोड्यापासून झालेल्या शिंगरांच्या अंगावरही पट्टे दिसले, असा वृत्तान्त १८२१ मध्ये रॉयल सोसायटीने छापला. खुद्द डार्विनने तो गंभीरपणे घेतला.

१०/ ही समजूत खोडली ती स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञ जेम्स कोसार युअर्ट याने. पेनिक्विक येथे त्याने झेब्रा नराशी घोड्यांचा संकर घडवला, मग त्याच घोड्यांना घोड्यापासून शिंगरे होऊ दिली, आणि पूर्वीच्या नराचा कोणताही ठसा पुढच्या संततीवर उमटत नाही हे दाखवले. निष्कर्ष १८९९ मध्ये ग्रंथरूपाने आले. मादीच्या देहाला कायमचा ‘विटाळ’ होतो, हा विचार केवळ आपल्याकडचा नव्हता. विज्ञानाचा अंगरखा घालून तो लंडनच्या विद्वत्सभांतही वावरत होता.

११/ आता मूळ कथेकडे. सस्तन प्राण्याचे स्त्रीबीज प्रथम कोणात दिसले? कुत्रीतच. १८२७ मध्ये कार्ल अर्न्स्ट फोन बेअर याने क्योनिग्सबर्ग येथे बुरडाख या सहकाऱ्याच्या घरची पाळीव कुत्री तपासून अंडाशयातील बीज पाहिले. या शोधासाठी तिचा जीव गेला. बीज असते हे कळले. पण ते सुटते केव्हा? समागमामुळे सुटते की आपोआप? या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय गर्भधारणेचे गणित सुटणार नव्हते.

१२/ डिसेंबर १८४३. जर्मन शरीरशास्त्रज्ञ थिओडोर बिशॉफ याच्या ताब्यातील एक कुत्री माजावर आली. त्याने तिला नर दाखवला, पण समागम होऊ दिला नाही. मग एका बाजूचे अंडाशय कापून काढले : बीजकोश फुगलेले होते, फुटलेले नव्हते. पाच दिवसांनी तिला मारून दुसरे अंडाशय पाहिले : कोश फुटले होते आणि बीजे नलिकेत उतरली होती. नराशिवाय बीज सुटते, हे सिद्ध झाले. प्रयोग क्रूर होता आणि कुत्रीपुरता निष्कर्ष बरोबर होता.

१३/ चूक झाली ती पुढच्या पायरीवर. कुत्रीला माजात रक्त जाते आणि त्याच सुमारास बीज सुटते. स्त्रीलाही दरमहा रक्त जाते. तेव्हा स्त्रीचेही बीज पाळीच्या वेळीच सुटत असले पाहिजे! फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ फेलिक्स पूशे याने १८४७ च्या ग्रंथात या साम्याला जवळजवळ नियमाचे रूप दिले. वस्तुतः दोन्ही रक्तांत दिसण्यापलीकडे साम्य नाही. कुत्रीत बीज सुटण्यापूर्वी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगून रक्त पाझरते. स्त्रीत बीज सुटून गेल्यावर, गर्भ न राहिल्यास, गर्भाशयाचे अस्तर गळते. एक तयारीचे चिन्ह आहे, दुसरे समाप्तीचे.

१४/ याचा व्यवहारात अर्थ काय झाला? गर्भ नको असलेल्या जोडप्यांना अनेक वैद्य सांगू लागले : पाळीच्या लगतचे दिवस टाळा, महिन्याचा मधला काळ सुरक्षित. प्रत्यक्षात २८ दिवसांच्या चक्रात गर्भधारणेची शक्यता सर्वाधिक असते ती याच मधल्या दिवसांच्या आसपास. ज्या काळात बाळंतपण हे मृत्यूचे मोठे कारण होते, त्या काळात अशा सल्ल्यावर विसंबून राहिलेल्या स्त्रियांचे काय झाले असेल, याची कल्पना करता येते.

१५/ परिणाम एवढ्यावर थांबला नाही. पाळी म्हणजे स्त्रीचा ‘माज’, असे मानले की स्त्री निसर्गाच्या तावडीतील प्राणी ठरते. १८७३ मध्ये बॉस्टनच्या एडवर्ड क्लार्क या डॉक्टरने पाळीचा हवाला देऊन मुलींना मुलांसारखे उच्च शिक्षण देऊ नये, असे पुस्तकच लिहिले. त्याला उत्तर दिले ते मेरी पटनम जेकोबी या डॉक्टर महिलेने. नाडी, शारीरिक शक्ती आणि अनेक स्त्रियांची उत्तरे गोळा करून लिहिलेल्या तिच्या निबंधाला १८७६ मध्ये हार्वर्डचे बॉयल्स्टन पारितोषिक मिळाले. पाळी आणि पशूंचा माज एकच, हे समीकरणही तिने नाकारले.

१६/ जेकोबी १८६४ मध्ये ज्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाली, तिथूनच १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. मासिक पाळीच्या नावाखाली मुलींना शाळेबाहेर ठेवण्याचा युक्तिवाद पुणे-कल्याणातही होता आणि बॉस्टनमध्येही होता. एकीकडे त्याचे नाव विटाळ होते, दुसरीकडे शरीरशास्त्र.

१७/ कोडे सुटले ते १९२०च्या दशकात. जपानचे क्युसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस यांनी स्वतंत्रपणे दाखवले की, बीज पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी सुटते. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे काम १९२१ मध्ये सुरू केले, तेव्हा जगातील वैद्यकाला हा मूलभूत मुद्दाही पक्का ठाऊक नव्हता. कर्व्यांचा भर दिवस मोजण्यावर नव्हे, तर साधनांवर होता, हे किती शहाणपणाचे होते ते यावरून कळते.

१८/ आणि फरशीवरचे डाग? त्यांचाही इतिहास आहे. रक्त हे प्रथिनयुक्त. गरम पाण्याने ते गोठून कापडात घट्ट बसते. म्हणून आधी थंड पाणी, हा जुना घरगुती नियम शास्त्रशुद्धच आहे. १९१३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो रोम याने प्राण्यांच्या स्वादुपिंडातील पाचकरस कपडे धुण्यासाठी वापरण्याचे पेटंट घेतले. आजच्या एन्झाइमयुक्त साबणचुऱ्यांचा तो पूर्वज. माजाच्या काळात कुत्री वारंवार मूत्राचे शिंतोडेही सोडते. त्यावर ब्लीच ओतू नये. मूत्रातील अमोनियाशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू निघतो. आधी पाण्याने स्वच्छ धुवावे.

१९/ बाकी व्यवस्था साधी आहे. धुता येईल अशी चादर अंथरलेली एक ठरावीक जागा, दिवसातून अनेकदा बदललेली कापडी चड्डी, ओल्या फडक्याने पुसणे, फिरवताना हातात साखळी. मात्र माज संपून काही आठवड्यांनी दुर्गंधीयुक्त स्राव, अतिशय तहान, मरगळ दिसली तर तो ‘पुन्हा माज’ समजू नये. गर्भाशयात पू झाल्याची ती लक्षणे असू शकतात आणि त्यात जीव जातो. तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे.

२०/ उरला फाटकाबाहेरचा प्रश्न. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. शहराने पुढेही दीर्घकाळ हत्येचाच मार्ग धरला. २००१ मध्ये केंद्र सरकारने श्वानांच्या निर्बीजीकरणाचे नियम केले, २०२३ मध्ये ते नव्याने आले. गास्तोंच्या काळात राजेशाही कुत्र्यांपुरता असलेला उपाय आता गल्लीतल्या कुत्रीसाठी कायद्यात आहे. तो किती पाळला जातो, हे प्रत्येकाने आपल्या गल्लीत पाहावे.

२१/ ॲरिस्टॉटलने जे पाहिले ते लिहिले, म्हणून त्याची नोंद आजही जवळपास बरोबर ठरते. पूशेने कुत्रीत जे पाहिले ते स्त्रीवर लादले, म्हणून तो चुकला. दोन गोष्टी सारख्या दिसतात म्हणून त्या एकच असतात असे नव्हे, हे इतिहासाच्या अभ्यासकानेही ध्यानात ठेवावे असे सूत्र आहे. कुत्रीचा माज हा तिच्या शरीराचा धर्म. त्यात लाज नाही, विटाळ नाही. थंड पाणी, स्वच्छ फडके आणि बंद फाटक एवढे पुरेसे आहे.

(समाप्त)